पदराआडची मांडणी

मार्गशीर्षातली सकाळ होती. ओढ्यावरून उठलेलं धुकं हळदीच्या रानावर ओल्या घोंगडीसारखं पडून होतं आणि ऊन असं फिकं, की त्यानं ना दव सुकेल ना माणसाचा हात. भिकाबाईनं पाटीतल्या शेणात भुसा कालवला, मळला, गोळा उचलला आणि गोठ्यामागच्या भिंतीवर सपकन थापला. पाच बोटं उमटली. दुसरा गोळा. परत पाच बोटं. शेण इतकं गार की नखं ठणकत. उजव्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक छपराच्या वाशाला टांगलेल्या झोळीला. दर गोवरीमागं ती पायाला एक हिसका द्यायची आणि झोळी हलायची.

झोळीत आठ महिन्यांची पोर होती. तिचं बारसं झालेलंच नव्हतं. बाराव्या दिवशी घरात पाळणा नव्हता, तिच्या आईच्या बाराव्याचा स्वयंपाक होता. त्यानंतर नावाचा विषय कुणी काढला नाही. घरात तिला नुसतं 'पोरगी' म्हणत.

उद्या चंपाषष्ठी. म्हणजे आज किसनराव पाटील येणार, फाशांची पिशवी ओट्यावर ठेवणार आणि म्हणणार, बाई, उद्या मांडायला ये. अकरा वर्षं हेच चाललं होतं. भिकाबाई चार दिवस एकच वाक्य मनात घोळवीत होती आणि दर वेळी ते अर्ध्यात तुटत होतं.

शिरड शहापूरपासून दोन कोसांवरचं हे वडदरी गाव ओढ्यानं मधोमध चिरलेलं आहे. वर चढावर वरली आळी, खाली काळ्या रानाच्या अंगाला खालली आळी. दोन्हीकडे हळद पिकते, पण ती शिजवायची कढई गावात एकच. तांब्याची, दोन माणसं आत बसून आंघोळ करतील एवढी. जमिनीतून काढलेली हळद आठ-दहा दिवसांत शिजली नाही तर कंद सुरकुततो आणि आतला रंग उतरतो. हिंगोलीच्या बाजारात व्यापारी असा कंद दोन बोटांनी मोडून बघतो आणि काही न बोलता बाजूला टाकतो. म्हणून माघात कढई आधी कुणाची, यावर गावाची निम्मी भांडणं व्हायची. डोकी फुटायची. एका साली तर कढईच ओढ्यात लोटून दिली होती.

तेव्हा गावात एक म्हातारा जमादार येऊन राहिला होता. हिंगोलीची पलटणीची छावणी केव्हाच मोडलेली, बिचाऱ्याला जायला जागा नव्हती. त्याच्याजवळ शिसवी लाकडाचा एक तख्ता होता. दोन माणसांचा खेळ. चोवीस घरं, सहा-सहांचे चार चौक, पंधरा काळ्या सोंगट्या, पंधरा पांढऱ्या आणि ठिपक्यांचे दोन फासे. आपल्या सगळ्या सोंगट्या फिरवून आधी बाहेर काढील तो जिंकला. एकट्या पडलेल्या सोंगटीला गडी मारतो. एका घरात दोन-तीन बसल्या की घर पक्कं, तिथं त्याला पाय ठेवता येत नाही. अशी पक्की घरं ओळीनं झाली की ती भिंत, आणि भिंतीमागं अडकला तो मेला. जमादारानं चार लोकांना खेळ शिकवला आणि म्हणाला, "मारामारी काहून करता? कढईचा फैसला ह्याच्यावर करा ना."

तसं ठरलं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळापुढं दोन आळ्यांचे दोन गडी खेळणार. जिंकेल त्या आळीची कढई पहिली. पण सोंगट्या मांडायची जमादाराची रीत ठरलेली होती. दर वेळी त्याच घरांत त्याच सोंगट्या. वरल्या आळीच्या एका माणसानं, म्हणजे भिकाबाईच्या बापानंच, त्या मांडणीतल्या पहिल्या वीसेक चाली जमादाराचे पाय दाबून पाठ करून घेतल्या. वरली आळी ओळीनं चार वर्षं जिंकली. पाचव्या साली खालल्या आळीनं तख्ता उचलून भिंतीवर मारला. त्याच्या एका कोपऱ्याला अजून खिळ्यानं ठोकलेली पट्टी आहे.

मग किसनराव पाटलांनी नवी रीत काढली. मांडणी ठरलेली नको. दर साली फासे टाकूनच ती मांडायची, म्हणजे कुणाला काही पाठ करता येणार नाही. फाशाच्या पाच फेऱ्या. पहिला फासा चौक सांगणार, दुसरा त्या चौकातलं घर. चौक चारच, म्हणून पहिल्यावर पाच-सहा पडले तर परत टाकायचा. जे घर निघेल तिथं तीन काळ्या, आणि तख्त्यावर त्याच्या बरोबर समोरच्या घरात तीन पांढऱ्या. घर आधीच भरलेलं निघालं तर ती फेरी परत. पाच त्रिक पंधरा. दोघांना सारखंच, तक्रारीला जागाच नाही.

पण वडदरीत तक्रारीला जागा नसेल असं होत नाही. पहिल्याच साली दर फाशाला ओरडा. "वारा लागला!" "फासा कलला!" "त्यानं गुडघा हलवला!" दुपार टळली तरी तीन फेऱ्या झाल्या नव्हत्या. तेव्हा पाटील म्हणाले, फासे कुणी बघायचेच नाहीत. एकानं झाकून टाकावेत, मांडावं आणि मग उघडावं. आता हा एक जण कोण? गुरव खालल्या आळीचा. सुतार वरल्या आळीचा. शेवटी पाटलांचं बोट भिकाबाईवर आलं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आधीची दोन भावंडं गेली म्हणून तिचं नाव भिका ठेवलेलं. माहेर वरल्या आळीचं, सासर खालल्या आळीचं. लग्नाला चार वर्षं झाली आणि नवरा पटकीनं गेला, लेकरू नव्हतं. ती दिराच्या घरात राहिली. विधवेचा हात कशाला, असं एक-दोघी कुजबुजल्या, पण पाटील म्हणाले, "ही पूजा न्हाई, डाव हाय. हिचा भाऊ वर, दीर खाली. हिला ना नवरा ना लेकरू. झुकंल तर कुणाकडं झुकंल? आन् बाईमाणसाला ह्यातलं कळतंय काय? कळत न्हाई तेच बेस."

तेव्हापासून ती मांडायची. देवळापुढं घोंगडी, घोंगडीवर तख्ता, मांडीजवळ पितळी परात. पदर ओढून तख्ता आणि परात झाकायची. आत फासे खडखडायचे. पाच फेऱ्या झाल्या की ती पदर मागं घ्यायची आणि लोक वाकून बघायचे, औंदा काय निघालं. कधी मांडणी सरळ निघायची, कधी अशी वेडीवाकडी की दोन्ही गडी डोकं खाजवीत बसायचे. डाव संपेपर्यंत मांडणाऱ्या बाईनं उठायचं नाही, अशीही एक अट होती. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून बसून राही.

अकरा वर्षं एकाच जागी बसून माणूस काय करील? बघेल. भिकाबाईनं बघितलं. तिसऱ्या साली तिला भिंत कळली. पाचव्या साली, भाऊ चाल खेळायच्या आधीच तिला ती दिसायला लागली. तिचा भाऊ संतराम पळणारा गडी. मागच्या सोंगट्या झपाट्यानं काढायचा. दीर दगडोबा भिंत बांधणारा. सावकाश, दात-ओठ खात, एक-एक घर पक्कं करीत जायचा. कुठल्या मांडणीत कोण उजवा पडेल, ते पदर मागं घेतानाच तिला कळे. ती तोंडातून अक्षर काढत नसे. कळत नाही म्हणून तर तिला बसवलं होतं.

तिला कळतं हे एकट्या मंजुळेला ठाऊक होतं. मंजुळाबाई तिची जाऊ, दगडोबाची बायको, पैनगंगेच्या पल्याडची वऱ्हाडातली. सतराव्या वर्षी लग्न होऊन आली ती हसतच आली. दुपारी गडीमाणसं रानात गेली की दोघी चुलीपुढं राखेत चोवीस घरं ओढायच्या. फोडलेल्या चिंचोक्यांच्या सोंगट्या, पांढरी बाजू एकीची, काळी दुसरीची. मांडणीसाठी कवड्या टाकायच्या आणि खेळायच्या.

"अक्का, तुमी दर बारीला माझी भिंत फोडता," मंजुळा कुरकुरायची. "तुमचे दीर बांधतात तशीच तर बांधली!"

"तुझा नवरा बांधतोय बराबर, पण दार कुठं ठेवायचं ते इसरतो. आपलीच सोंगटी आत राहती."

"सांगा की त्यांला एकदा."

"सांगते. आन् मंग मांडायला तू बस."

मंजुळा फिस्सकन हसायची आणि राखेत बोटं बुडवून सगळी घरं पुसून टाकायची, कुणाची चाहूल लागली की.

दोनदा तिचं पोट पडलं. तिसऱ्या वेळी, गेल्या साली, दिवस टिकले. चंपाषष्ठीला सहावा लागला होता. ते धामधुमीचं साल होतं. आखाडा बाळापूरच्या बाजाराहून येणारा माणूस दर खेपेला काहीतरी वाईट सांगे. रझाकारांच्या भीतीनं लोक गाड्या जुंपून पैनगंगा ओलांडत होते. मंजुळेची आई नदीपल्याड सुईण होती. तिच्या गावातली निम्मी लेकरं तिच्या हातात आली होती. भिकाबाईनं दिराला म्हटलं, "भाऊजी, तिला आत्ताच माहेरी घालून या."

दगडोबा म्हणाला, "वैनी, एक गाडी, एक बैलजोडी. हळद काढायला तेच बैल. आन् ह्या दिवसांत तिला एकटीला कुणासंगं धाडू? कढई पयली आली की माघ सरायच्या आत शिजवून टाकतो आन् समदेच जाऊ. आठव्यात नेतो. देवाला म्हणा, पयली येऊ द्या."

भिकाबाईनं बोटं मोजली. कढई पहिली आली तर माघ. आठवा महिना, अजून अवकाश. दुसरी आली तर अर्धा फाल्गुन. नववा लागलेला, दोन दिवसांचा गाडीरस्ता, दगडधोंडे.

चंपाषष्ठीला ती पदराआड बसली तेव्हा तिच्या मनात काही नव्हतं, असं ती पुढं स्वतःला सांगून बघायची. ते खोटं होतं. चार फेऱ्या तिनं फाशांनीच मांडल्या. तिसऱ्या चौकात दोन घरं एक सोडून एक निघाली, चार आणि सहा, मधलं पाचवं मोकळं. पाचव्या फेरीला फासे थांबले ते एक आणि दोन. पहिला चौक, दुसरं घर, पार मागं. ही मांडणी पळणाऱ्याची. हिच्यात संतराम वाऱ्यासारखा सुटणार, हे तिला तव्यावरच्या भाकरीसारखं स्पष्ट दिसलं.

बाहेर कुणीतरी खोकलं. पाटील म्हणाले, "झालं का गं बाई? उन्हं डोक्यावर आली."

तिनं तीन काळ्या उचलल्या आणि तिसऱ्या चौकाच्या पाचव्या घरात ठेवल्या. समोर तीन पांढऱ्या. चार, पाच, सहा. अर्धी भिंत बांधून तयार. मग फासे हातानं फिरवून तीन-पाच वर केले आणि पदर मागं घेतला.

दगडोबाचे डोळे लकाकले. संतरामानं नाक वाकडं केलं, म्हणाला, "औंदा भाच्याचंच नशीब दिसतंय." लोक हसले. मंजुळेचे दिवस साऱ्या गावाला माहीत होते.

भिंत दोघांनाही सारखीच होती. तशी रीतच होती. पहिली चाल संतरामाला लागली आणि त्याला पडले दोन सहा. दुहेरीला चार चाली. पळणारा गडी, पण समोर बांधून तयार असलेली भिंत न ओळखायला तो काही खुळा नव्हता. त्यानं आणखी एक घर पक्कं केलं, पुढल्या फेऱ्यांत दुसरं. दगडोबाच्या तीन सोंगट्या आत कोंडल्या. मग त्याला चार-एक पडलं. एक चाल होती. भिकाबाईला दिसत होती. दगडोबा बराच वेळ सोंगटीवर बोट ठेवून बसला आणि त्यानं दुसरीच चालवली. दिवस कलायच्या आत सगळं संपलं.

वरली आळी माघात शिजवून मोकळी झाली. खाललीला कढई मिळाली ती वीस दिवसांनी. तेवढ्यात मंजुळेचे पाय सुजले. फाल्गुनात हळद नीट वाळायचीही वाट न बघता, शेजाऱ्याला राखणीला बसवून दगडोबानं गाडी जुंपली. गवताचा बिछाना केला, वर घोंगडी. भिकाबाई मंजुळेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या सकाळी मंजुळा म्हणाली, "अक्का, औंदा आपले फासेच वाईट पडले न्हाई?"

भिकाबाईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"असू द्या," मंजुळा म्हणाली. "फाशाला काय कुणाची वळख असती?"

दुपारी कळा सुरू झाल्या. नदी अजून दोन कोस होती. ऊन असतं तर तिची झाडांची ओळ दिसली असती, पण त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वाटेवर लमाणांचा तांडा होता. तिथल्या रुख्मिणीबाईनं आपली झोपडी रिकामी करून दिली, पाणी तापवलं, जमेल ते सगळं केलं. पोरगी आली, रडली. पण मंजुळेचं रक्त थांबेना. रुख्मिणीबाई बाहेर आली आणि दगडोबाकडं न बघता आपल्या नवऱ्याला म्हणाली, काहीतरी त्यांच्या बोलीत. नवरा, प्रेमसिंग, मुकाट्यानं कुऱ्हाड घेऊन बाभळीकडं गेला. दगडोबा त्याच्यामागं बघत राहिला. लाकडं कशासाठी ते त्याला कळायला थोडा वेळ लागला.

नदी ओलांडायची राहूनच गेली. ती दोघं पोरीला घेऊन माघारी फिरली.

नंतर पावसाळा गेला, पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य गेलं, शिरडला झेंडे लागले. दगडोबा मुळातच कमी बोलायचा, आता बोलायचाच बंद झाला. जेवताना घास हातात धरून बसायचा. भिकाबाईला वाटे, ह्याला कळलं तर हा मला मारील. मग वाटे, मारलं तर बरं होईल.

गोवरी थापता थापता तिला वहाणांचा आवाज आला. किसनराव पाटील काठी टेकत पुढं, मागं तिचा भाऊ संतराम. दगडोबा गोठ्यातून बैल सोडत होता, तोही थांबला. पाटलांनी फाशांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"काय भिकाबाई, भिंत भरून टाकली की! उद्या उन्हं वर आली की ये. परात घासून ठेव."

"मी मांडणार न्हाई, पाटील."

"पोरगी लहान म्हणून व्हय? घेऊन ये की मांडीवर. तिला पण दिसंल आपला मामा कसा खेळतो." पाटील हसले.

संतराम म्हणाला, "मामा कशाचा, मामाचा बाप. गेल्या सालासारखा डाव आमच्या म्हाताऱ्यानं पण खेळला न्हवता."

भिकाबाईनं शेणाचे हात समोर धरले होते, ते पुसावेत की नाही ते तिला कळेना.

"गेल्या साली फाशांनी मांडलं न्हाई," ती म्हणाली. "पाचवी फेरी मी फिरवली. एक-दोन पडले व्हते. मी तिसऱ्या चौकात पाचव्या घरात ठेवल्या."

मग पाटील मान हलवून म्हणाले, "अगं बाई, चुकली असशील. चुकतंय माणूस."

"चुकले न्हाई. ठेवल्या."

"आन् काहून ठेवशील? दोघांकडं सारखंच असतंय. त्यात तू काय करणार व्हतीस?"

"सोंगट्या सारख्या असत्यात पाटील, खेळणारे सारखे नसतात. एक-दोनवर दादा पळाला असता. भिंत असली की भाऊजी जिंकतेत. कढई आमाला पयली पायजे व्हती. मंजुळेला आठव्यात न्यायचं व्हतं."

पाटलांनी संतरामाकडं बघितलं. डोळ्यांनीच म्हणाले, दुःखानं बाईचं डोकं फिरलंय. मग हलक्या आवाजात, लेकराला समजवावं तसं, "बाई, डाव तुला कळत न्हाई. कळत न्हाई म्हणून तर तुझ्या हातात दिला. उगं मनाला लावून घेऊ नको. ती गेली ती तिच्या कर्मानं."

संतरामाला मात्र वेगळंच लागलं होतं. "म्हंजी काय भिके? तू मांडून दिलं म्हणून मी जिंकलो व्हय? गावात असं बोलत फिरशील तर माझं तोंड कुठं राहील?"

"तुला न्हाई दिलं, दादा. भाऊजींना दिलं व्हतं."

"ऐका! पाटील, ऐका! बाईमाणूस आमाला डाव शिकवून राहिलंय."

तेव्हा भिकाबाई खाली बसली. पायाची सुतळी ताणली गेली आणि झोळी वाकडी झाली. तिनं शेण कालवायची जागा तळव्यानं सपाट केली आणि बोटानं ओल्या शेणात घरं ओढली. चार चौक, चोवीस घरं. रोजची सवय असल्यासारखा तिचा हात चालत होता.

"भाऊजी," ती वर न बघता म्हणाली, "तुमाला चार-एक पडलं. तीन आत, भिंतीला इथं एकच भोक. आतली एक चार घरं पुढं, भिंतीच्या तोंडाशी आणायची, आन् एकानं तिच्यावर दुसरी. घर पक्कं. पुढल्या फाशाला भाईर. तुमी ही उचलली, पुढली. लई वेळ बोट व्हतं तुमचं ह्या आतलीवर. मंग सोडलं."

दगडोबाच्या हातातलं दावं खाली पडलं.

वर्षभर त्याच चालीवर तो घास हातात धरून बसत होता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बोट होतं, खरंच होतं. तीच चालवली असती तर कढई, कढई असती तर आठवा महिना. ह्या जगात ती चाल आपल्याशिवाय कुणी पाहिली नाही असं त्याला वाटत होतं.

तो पुढं आला, ओल्या शेणातल्या घरांकडं बघत उभा राहिला.

"फिरलं का काय हिचं टकुरं," संतराम पुटपुटला, पण त्याच्या आवाजात आता जोर नव्हता. तोही घरं बघत होता. त्यालाही ती चाल दिसली होती.

"मंजुळेला म्हाईत व्हतं?" दगडोबानं विचारलं.

"न्हाई. ती म्हणली, फाशाला कुणाची वळख नसती."

पाटलांचा चेहरा उतरला. म्हातारा माणूस; त्याला आता बाईपेक्षा गाव दिसायला लागलं. अकरा सालांचे डाव, अकरा सालांची कढई. त्यानं काठी आपटली. "हे इथंच पुरा. भाईर गेलं तर कढई फुटंल, डोकी फुटतील. भिकाबाई, उद्या गुमान येऊन मांड. तू न्हाई आलीस तर लोक विचारतील काहून."

"येत न्हाई, पाटील. फाशानं मांडलं तर फाशाचं पाप. मी मांडलं, ते माझं. आता हात टाकला तरी मला घरंच दिसतील."

"मग कोण मांडंल? सांग की. वरून खाली दिलेली, लेकरू-बाळ नसलेली दुसरी बाई हाय कोण गावात?"

झोळीत पोर कुरकुरायला लागली.

दगडोबा ओट्याकडं गेला. पिशवी उचलली, तिचं तोंड सोडलं, दोन्ही फासे तळहातावर घेतले. कितीतरी वेळ त्यांचे ठिपके बघत होता, जसे काही पहिल्यांदाच बघतोय.

"उद्या पदर नको," तो म्हणाला. "घोंगडीवर उघडे टाकायचे. कुणी बी टाका. तान्ह्या लेकराच्या हातात द्या. वारा लागला म्हणून जो वरडंल त्याला सांगा, लागू दे वारा."

"भांडणं होतील," पाटील म्हणाले.

"व्हऊ द्या."

त्यानं फासे परत पिशवीत टाकले, पिशवी कमरेला खोवली. भिकाबाई वाट बघत होती. तो काहीतरी बोलेल, शिवी देईल, घरातून निघ म्हणेल. तो झोळीपाशी येऊन थांबला. एरवी पोर कुरकुरली की तो तिला उचलायचा. आज त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला, पडलेलं दावं उचललं आणि बैल घेऊन रानाकडं निघाला. पाटील त्याच्यामागं. संतराम दारात घुटमळला.

"भिके," तो म्हणाला, "एक-दोनवर मी खरंच जिंकलो असतो का?"

"जिंकला असतास, दादा."

"मंग कढई तरी बी आमचीच पयली."

"व्हय. तुमचीच."

तो गेला.

तसंही मंजुळेला उशीरच झाला असता, हे भिकाबाईला वर्षभर ठाऊक होतं. त्यानं तिचं काही हलकं झालं नव्हतं. एक-दोनवर भाऊ जिंकला असता तर ते फाशांनी केलं असतं.

ऊन आता जरा वर आलं होतं, पण पाटीतल्या शेणावर साय धरली होती. तिनं लोट्यातलं पाणी शिंपडलं. बोटांनी ओढलेल्या घरांवर शेणाचा गोळा टाकला, त्यात भुसा कालवला, तळव्यानं मळून सगळं एक केलं. पायाला हिसका दिला. झोळी हलली. पोर गप्प झाली नाही. तिनं परत हिसका दिला आणि गोळा उचलून भिंतीवर थापला.